आईची तिघडी

वलवणला आम्ही ज्या दोन खोल्यांत राहायचो, त्यांना स्वतःचा असा पत्ता नव्हता. पत्ता होता पुढच्या बंगल्याला, आणि आम्ही बंगल्याच्या मागे. पोस्टमन फाटकाशी उभा राहून ‘माळीबुवा’ अशी हाक मारायचा आणि दादा हातातली झारी तशीच घेऊन पत्र आणायला जायचे. दादा म्हणजे माझे वडील. बंगला मुंबईच्या लोकांचा. ते शनिवारी यायचे, सोमवारी सकाळी जायचे. मधले चार-पाच दिवस बंगला, बाग, हिरवळ, झोपाळा सगळं दादांच्या ताब्यात. पण त्या झोपाळ्यावर मी एकदाही बसले नाही. ‘आपलं न्हाई ते आपलं न्हाई,’ एवढंच दादा म्हणायचे आणि झोपाळ्याच्या कड्यांना तेल घालायचे. माझ्या दोघी थोरल्या बहिणी लग्न होऊन आपापल्या घरी गेल्या होत्या, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. पहाटे घाटातून गाडी वर ढकलत आणणाऱ्या इंजिनाची शिट्टी ऐकू यायची, तेच आमचं घड्याळ. ती शिट्टी झाली की आई चूल पेटवायची. नाचणीची भाकरी, कधी टाकळ्याची भाजी, कधी खेकड्याचं कालवण, आणि सुकट तर आठवड्यातून तीनदा. फक्त शनिवार-रविवारी सुकट भाजायची नाही असा आमच्याकडे नेम होता, कारण वास बंगल्यापर्यंत जायचा. लोक वार पाळतात ते देवाधर्मासाठी. आम्ही पाळायचो तो बंगल्याच्या खिडक्यांसाठी. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. आता सुनेला सांगितलं तर ती माझ्याकडे अशी बघते की जणू मी थापा मारतेय.

आईची एक पत्र्याची ट्रंक होती, लग्नातली. लांबीला बरी, पण रुंदीला अगदीच आखूड. चारचौघींसारखी साडीची रुंदीत मधोमध दुघडी केली तर ती त्या ट्रंकेत नीट बसायची नाही, कडा मुडपायच्या. म्हणून आई साडीचा पन्हा तीन भागांत दुमडायची. आधी खालचा काठ वर, त्यावर वरचा काठ, हनुवटीखाली एक टोक दाबून धरायची आणि हाताच्या एका फटक्यात सगळी साडी सरळ. आमच्या घरात या घडीला तिघडी म्हणायचे. हात एवढा बसलेला की टॉवेल, पंचा, सतरंजी, काहीही असो, तिघडीच. दादा चेष्टेनं म्हणायचे, ‘हिला पेपर दिला तर त्याची बी तिघडी करंल.’ आणि खरंच, पेपरातून आलेल्या पुडीचा कागद ती तीन पदरी दुमडून फळीवर ठेवायची. इस्त्री आमच्याकडे नव्हती. तांब्यात निखारे घालून ती कपड्यावरून फिरवायची आणि मग रात्रभर ते कपडे गादीखाली. माझा परकर-पोलका बघून शाळेतल्या बाई मला म्हणायच्या, तुमच्याकडे परीट येतो का गं. मी खुशाल ‘हो’ म्हणून सांगायचे. तोंडाळ म्हणून माझी ख्याती तेव्हापासूनची आहे.

मॅट्रिकला गणितानं दगा दिला आणि मी लोणावळ्याच्या बाजारपेठेत साड्यांच्या दुकानात कामाला लागले. दुकानाचं नाव कशाला सांगा. मालकांना सगळे शेठ म्हणायचे, मीही शेठच म्हणते. खाली पांढरीशुभ्र गादी घातलेली, भिंतीला छतापर्यंत फळ्या, आणि गादीवर गिऱ्हाइकासमोर मांडी घालून बसलेल्या लीलामावशी. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, विधवा, वीस वर्षं त्याच गादीवर त्याच कोपऱ्यात बसलेल्या. मला त्यांच्या हाताखाली दिलं. सहा महिने मी फक्त घड्या घातल्या. गिऱ्हाईक तीस साड्या उलगडायला लावून ‘बघते पुढच्या दुकानात’ म्हणून उठायचं आणि आम्ही त्या तीस साड्या पुन्हा होत्या तशा करायच्या. मी पहिल्या दिवशी तिघडी घातली तेव्हा मावशी म्हणाल्या, ‘हे कुठलं गं नवीन? फळीला चार इंच जागा उरली. कंपनीची घडी घाल.’ हाताला वळण लागायला महिना गेला. त्यांनी मला रागावून असं कधी शिकवलं नाही. डब्यातली बटाट्याची काचरी माझ्या झाकणात घालत घालत शिकवलं.

दुकानात गल्ल्याच्या वर एक पाटी होती: ‘एकदा घडी मोडलेला माल परत घेतला जाणार नाही.’ घडी मोडणं म्हणजे साडी नेसणं, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. नुसती उलगडून बघितली तर घडी मोडली असं कुणी म्हणत नाही. पण लोणावळ्याला येणार जगभरचं गिऱ्हाईक. एक भला माणूस बायकोची साडी परत करायला आला, मावशींनी पाटीकडे बोट दाखवून सांगितलं की घडी मोडली आहे, तर तो तावातावानं म्हणाला, ‘हमने आपकी घडी कब तोडी? हमने तो देखी भी नहीं.’ आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागला. ते घड्याळ नेमकं बंद पडलेलं. मावशी पदर तोंडाला लावून आतल्या खोलीत पळाल्या आणि निस्तरायचं माझ्यावर आलं. मी माझ्या हिंदीत त्याला समजावलं ते काय समजावलं देव जाणे, पण तो जाताना घड्याळाचा सेल बदला असं सांगून गेला.

बाकीची गिऱ्हाइकं इतकी भोळी नव्हती. नेम असा होता की आठ दिवसांत बिलासकट आणली आणि नेसलेली नसली तर साडी परत घ्यायची. एवढ्या फटीतून माणसं काय काय आत घुसवायची. गॅदरिंगला नाचलेल्या मुली घुंगरांनी उसवलेला काठ घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, रंग आवडला नाही. हळदीकुंकू उरकून आलेली बाई म्हणायची, मी तर पिशवीतून काढलीसुद्धा नाही, आणि साडीतून अत्तराचा घमघमाट. एकीनं तर ब्लाऊजपीस कापून शिवून घेतला होता आणि वर विचारते की तेवढे पैसे वजा करून द्या. मावशींची नजर मोठी तिखट. खांद्यापाशी पिनेची बारीक भोकं, कमरेच्या टोकाला नाडीचा चुरगळा, खालच्या काठाला आमच्याकडची तांबडी माती. साडी हातात घ्यायच्या, नाकाजवळ न्यायच्या आणि भांडण न करता म्हणायच्या, ‘ताई, तुम्हाला फार शोभली असेल ही. आता हिला परत कशाला पाठवता?’ समोरची बाई लाजून साडी घेऊन जायची. नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा, एवढंच मग मावशी पुटपुटायच्या. परवा माझ्या नातीनं मोबाईलवरून ड्रेस मागवला, घालून गच्चीत फोटो काढले आणि दुसऱ्या दिवशी ‘साइज जमली नाही’ म्हणून परत पाठवला. घ्यायला आलेला मुलगा दारात पिशवी उघडून बघत होता, टॅग आहे का, डाग आहे का. मी त्याला पाणी दिलं आणि नातीला आत जाऊन झापलं. ती म्हणाली, ‘आजी, सगळेच करतात, कंपनीला काय फरक पडतो?’ कंपनीला पडत नसेल बाई. पण त्या दारातल्या मुलाला जाब विचारणारा कुणीतरी असतोच.

बंगल्याच्या बाईसाहेब आमच्या दुकानाच्या मोठ्या गिऱ्हाईक होत्या. शनिवारी आल्या की महागातली एक साडी घ्यायच्या. मला ओळखायच्या, ‘अगं तू माळीबुवांची ना’ असं गोड बोलायच्या. आणि दर दोन-तीन आठवड्यांनी सोमवारी त्यांचा ड्रायव्हर पिशवी घेऊन हजर. बाईसाहेबांना रंग पसंत पडला नाही. साडी अगदी कोरी, घडी कंपनीसारखी, आतला कागदसुद्धा जागच्या जागी. खोट काढायची तरी काय त्यात? मावशी परत घ्यायच्या. मग एका शिक्षिकेनं यातलीच एक साडी विकत नेली आणि दुसऱ्या दिवशी भर दुकानात उलगडून दाखवली. पदराच्या आत पिनेची दोन भोकं होती. शेठ तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले. ती गेल्यावर त्यांनी मावशींना सगळ्यांसमोर सांगितलं की पुन्हा एकदा असं झालं तर घरी बसा. त्या दिवशी डबा खाताना त्यांनी मला हळूच सांगितलं की उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतोय, शेठना कळू देऊ नको, आणि आता परत आलेली साडी तू बघत जा. इतक्या मोठ्या बाईनं असं विश्वासानं सांगावं, मला मूठभर मांस चढलं. मी म्हटलं, मावशी, डोळ्यात तेल घालून बघते. बोलायला मी कधी कमी पडलेय?

पुढच्याच सोमवारी ड्रायव्हर मोरपंखी रंगाची रेशमी साडी घेऊन आला. शेठ गल्ल्यावर होते. मावशींनी साडी माझ्या मांडीवर ठेवली. मी काठ बघितला, स्वच्छ. कमरेचं टोक बघितलं, सपाट. पदर थोडा उघडून प्रकाशात धरला आणि बघते तर पन्ह्यात दोन रेघा. अगदी पुसट. कुणीतरी त्यांच्यावरून गरम काहीतरी फिरवून त्या मोडल्या होत्या, पण रेशीम ओळख विसरत नाही. आपल्या दुकानाची घडी पन्ह्याच्या मधोमध पडते. या रेघा मध्यावर नव्हत्या. एक वरून तिसऱ्या हिश्श्यावर, एक खालून तिसऱ्या हिश्श्यावर. कुणीतरी ही साडी आधी सवयीनं तीन भागांत दुमडली होती, मग चूक लक्षात आल्यावर उलगडून कंपनीसारखी केली होती. अख्ख्या लोणावळ्यात अशी सवय एकाच बाईच्या हाताला होती आणि ती बंगल्याच्या मागे राहत होती. मला आठवलं, आई मध्ये कधीतरी कौतुकानं सांगत होती की बाईसाहेब म्हनल्या, तुज्या हाताला लय चांगली घडी हाये. मी तेव्हा भाकरी खाण्यात दंग होते.

साडी नेसलेली आहे असं म्हणावं तर शेठ विचारणार, कशावरून? मग आईचं नाव. बाईसाहेबांच्या कानावर जायला ड्रायव्हर समोरच उभा. दादांची नोकरी आणि त्या दोन खोल्या एका वाक्यात गेल्या असत्या. न म्हणावं तर मावशी साडी घेणार, ती कुणाला तरी विकली जाणार, आणि कळलं तर मावशी घरी. आपलेच दात अन् आपलेच ओठ. मावशींनी विचारलं, ‘काय गं, ठीक आहे?’ मी पदर मिटला. हो म्हणाले, ठीक आहे. मावशींनी शेठना सांगून ड्रायव्हरला पैसे परत दिले आणि साडी मीच माझ्या हातानं वरच्या फळीवर ठेवली. त्या संध्याकाळी आईला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. पुढचे दहा-बारा दिवस मी ती साडी कुणी मागू नये म्हणून इतर साड्यांच्या खाली सरकवत होते, आणि वेड्यासारखं मनात म्हणत होते की झुरळं तरी खाऊ देत हिला.

सुट्टीच्या दिवशी मी घरी होते आणि नेमकी त्याच दिवशी ती विकली गेली. परंदवडीच्या एका शेतकऱ्यानं नातीच्या साखरपुड्यासाठी नेली. तिसऱ्या दिवशी तो म्हातारा दुकानात आला. धोतर, टोपी, पायांवर गाडीवाटेचा चिखल. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्यानं साडी गादीवर ठेवली आणि सांगितलं की घरात चुलीपुढं पोरीच्या चुलतीनं ती उलगडली तशी ऊब लागून सगळ्या घरात सेंटाचा वास सुटला. दुकानात ओल आणि डांबरगोळ्या, तिथे कुणाच्या नाकाला कळलं नव्हतं. मग बायकांनी पदर निरखला तर तिथे कुंकवाचा फिका डाग.

‘शेठ,’ तो म्हणाला, ‘आमी पैका कमी न्हाई दिला. मग दुसरीनं नेसल्याली का दिली आमच्या पोरीला?’

शेठनी त्याला दुसरी साडी दिली, खण दिला, चहा पाजला. तो गेल्यावर त्यांनी लीलामावशींकडे न बघता सांगितलं की उद्यापासून येऊ नका. मावशींनी चष्म्याची डबी घेतली, डबा घेतला, गादीवरचा स्वतःचा चुरगळलेला कोपरा हातानं सारखा केला. मी तिथेच बसले होते. माझ्या तोंडातून एक अक्षर निघालं नाही. माझ्या. ज्या मुलीला दादा ‘रेडिओ’ म्हणायचे तिच्या. मी त्यांच्या मागोमाग पायरीपर्यंत गेले. चप्पल पायात सरकवता सरकवता त्या म्हणाल्या, ‘शकू, मला डोळ्यांनी दिसत नाही, पण हात कळतो. त्या पदरावर तुझा हात थांबला होता.’ आणि त्या गेल्या. काय दिसलं ते त्यांनी विचारलंच नाही.

घरी गेले तेव्हा आई सुकट निवडत होती. मी दारातच सुरू झाले. रडत होते, ओरडत होते, सगळं एकदम सांगितलं: साडी, रेघा, मावशी, परंदवडीचा म्हातारा. आईला आधी कळेचना. ती म्हणाली की बाईसाहेब रविवारी साडी देतात, डाग काढून, शेक देऊन कंपनीवानी घडी घालायला सांगतात, मुंबईच्या कपाटात ठेवायची म्हणून. त्या साड्या दुकानात परत जातात हे तिच्या गावीही नव्हतं. उलट एवढ्या भारी साड्या आपल्या हाताखालून जातात याचा तिला अभिमान होता. तिनं सुकटीचं सूप बाजूला सारलं. मग तिनं मला विचारलं की तुला रेघा दिसल्या तेव्हा तू का बोलली नाहीस. मी म्हटलं, आपल्या खोल्या गेल्या असत्या. आईचा आवाज आयुष्यात चढला नाही, तेव्हाही चढला नाही.

‘खोल्या आमच्या व्हत्या. त्या ठेवायच्या का घालवायच्या ते आमी ठरवलं असतं,’ ती म्हणाली. ‘तू लीलाबाईची नोकरी दिऊन त्या वाचवल्यास. कुनाला इचारून?’

तुम्ही म्हणाल, एकोणीस वर्षांची पोर, तिनं काय करावं. मीही स्वतःला कैकदा तेच सांगून बघितलं आहे.

दुसऱ्या दिवशी आई धुवट लुगडं नेसून माझ्याबरोबर निघाली. वलवणपासून बाजारपेठेपर्यंत आम्ही चालत गेलो. साडीच्या दुकानाची पायरी ती पहिल्यांदाच चढत होती. चप्पल तिनं खाली रस्त्यावरच काढली. शेठना वाटलं, काही घ्यायला आल्यात. ते ‘या मावशी’ म्हणाले. आईनं फळीवरची एक रेशमी साडी मागितली, गादीवर बसली, ती उलगडली आणि त्यांच्यासमोर तिची तिघडी घातली. मग ती मोडून तळहातानं दाबत दाबत कंपनीची घडी घातली, आत कागद ठेवला आणि साडी शेठच्या पुढ्यात सरकवली.

‘बाईसाहेबांच्या साड्यांची घडी माजी हाये,’ ती म्हणाली. ‘त्या परत हितं येत्यात हे मला ठावं नव्हतं. पर घडी माजीच. आता तुमी वळखून दावा, ही मोडल्याली हाये का कोरी.’

शेठनी साडी उलटीपालटी केली. त्यांना काही दिसलं नाही. आईनं पदर उघडून बोटानं रेघ दाखवली आणि म्हणाली की एवढी बारीक खूण ठाऊक असल्याशिवाय दिसत नाही, लीलाबाईंचा यात काय दोष? मग माझ्याकडे बघून ती पुढे म्हणाली, ‘माज्या पोरीला दिसली व्हती. तिनं सांगितलं न्हाई.’ मला वाटलं होतं, निदान मला तरी वगळेल. कसलं काय. मी म्हटलं, हो शेठ, दिसलं होतं. शेठ व्यापारी माणूस. ते म्हणाले की एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाला मी काय बोलणार? आई म्हणाली, ‘तिला नगा बोलू. लीलाबाईला बोलवा.’ शेठनी मला घालवलं नाही. त्यांनी मला त्याहून अवघड काम सांगितलं: जा, आणि लीलाबाईंना घेऊन ये.

खोल्या गेल्याच. ड्रायव्हरकडून असो की शेठच्या कुणा माणसाकडून, बाईसाहेबांना कळलं. त्या चिडल्या नाहीत, मोठ्या गोड शब्दांत म्हणाल्या की भाचा राहायला येतोय, खोल्या लागतील. दादांनी आईला एवढंच विचारलं की दुकानात जायच्या आधी मला का सांगितलं नाहीस. आई म्हणाली, ‘तुमी नगं म्हनला असता, म्हून.’ दादा म्हणाले, ‘व्हय, म्हनलो असतो,’ आणि पुढे तो विषय त्यांच्यात निघाला नाही. आठ दिवसांत आम्ही सोमाटण्याला पत्र्याच्या दोन खोल्यांत गेलो. दादांना तिथल्या रोपवाटिकेत काम मिळालं. हायवेवरच्या ट्रकांचा आवाज दिवसरात्र, इंजिनाची शिट्टी नाही, बाग नाही. सुकट मात्र आम्ही कुठल्याही वारी भाजायला लागलो, आणि पहिल्या शनिवारी भाजली तेव्हा आई हसली ते मला चांगलं आठवतं. वलवणच्या त्या दोन खोल्यांची आठवण मला अजून येते. धरणावरून येणारा गार वारा, चुलीचा धूर, आईची ती हनुवटीखाली धरलेली साडी. हे सगळं मी एकदा गप्प बसून वाचवायला गेले होते आणि तरी ते गेलं, याचं वाईट वाटतं आणि नाहीही वाटत.

पण लीलामावशींकडे गेले त्या सकाळचं सांगायचं राहिलं. त्या गवळीवाड्यात एका चाळीत राहायच्या. दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या, ताट डोळ्यांजवळ धरून. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं, रेघा कुणाच्या होत्या तेही. त्यांनी ताट खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि चपला घातल्या. आम्ही चालायला लागलो. बाजारपेठेच्या वळणाशी त्यांनी विचारलं, ‘तुमच्या खोल्या जातील ना गं?’

मी म्हटलं, जातील.

त्या थांबल्या. माझं तोंड त्यांना नीट दिसत नसावं, कारण त्या अगदी जवळ आल्या.

‘तुझ्या जागी मी असते, तर मीही गप्पच बसले असते,’ त्या म्हणाल्या. ‘तुझ्या आईच्या जागी असते तर काय केलं असतं, ते मात्र सांगता येत नाही मला.’